किल्लेदारांचं दार

त्यांना किल्लेदार म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली, ते आता कुणालाच सांगता येत नाही. किल्ला राहू द्या बाजूला, त्यांच्या घराला धड गॅलरीसुद्धा नव्हती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर एक दुकान. दुकान म्हणजे एवढंसं, की ते स्वतः आत बसले की हवेला बाहेर थांबावं लागायचं. पण भिंतींवर, छताला, फळीच्या कडेला, बघावं तिथं किल्ल्या टांगलेल्या. एखादी मोठी गाडी गेली की सगळं दुकान किणकिणायचं. किल्ल्या करतो तो किल्लेदार, असं कुणीतरी थट्टेत म्हणालं असणार, आणि ते चिकटलं. खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

माणूस नाकासमोर चालणारा, पण आपल्या कामाचा ताठा असा, की विचारू नका. किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं, पोरानं बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेतलं, कपाटाची किल्ली अर्धी मोडून आतच अडकली, की किल्लेदारांना बोलावणं जायचं. ते यायचे, पिशवी खाली ठेवायचे आणि आधी कुलपाला कान लावायचे. डॉक्टरसुद्धा इतक्या मायेनं कुणाची छाती तपासत नसेल. जमलेल्या मंडळींत एखादा अतिशहाणा असतोच, तो म्हणायचा की घाला एक लाथ आणि मोकळे व्हा. त्यावर किल्लेदार मान वर न करता सांगायचे, लाथ गाढवालाही घालता येते, त्यासाठी मला कशाला बोलावलंत?

बायको होती तोवर हा ताठा घरात चालला नाही. ती म्हणायची, सगळ्या गावाची कुलपं उघडता, तेवढं माझ्या बरणीचं झाकण उघडा. ते काही त्यांना जमलं नाही. मग ती गेली. ती गेल्यावर त्यांनी दाराचं जुनं कुलूप काढून लॅच बसवला, चांगला भक्कम, नुसतं दार ओढलं की लागणारा. आणि त्याची किल्ली एकच ठेवली. हलवायाच्या घरी गूळ नसावा तशी किल्लेदाराच्या घरी एकच किल्ली! लेकीनं विचारलं, तर म्हणाले, दुसरी कुणासाठी करू?

हे एक कारण झालं. दुसरं त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं, फक्त बायकोला एकदा बोलून दाखवलं होतं. त्यांच्या दुकानात म्हाताऱ्यांची पोरं यायची. आईच्या घराची किल्ली घेऊन, वडिलांच्या घराची किल्ली घेऊन. एक माझ्यासाठी करा, एक शेजारच्यांना, एक कामाच्या बाईला. किल्लेदार करून द्यायचे. मग कधीतरी त्याच घरी कपाटाच्या कामाला जायची वेळ यायची, आणि बघावं तर घराचा मालक खुर्चीच्या टोकावर बसलेला, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तसा. लोक आपले येतायत, जातायत. पलंग हलवलेला, जुनी गादी कुणी न विचारता टाकून दिलेली. म्हाताऱ्याला कुणी म्हणतसुद्धा नाही, की येऊ का आत. तेव्हा घरी येऊन ते बायकोला म्हणाले होते, माझ्या दाराची किल्ली ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातात जाईल ना, त्या दिवसापासून मी इथला पाहुणा. बायको म्हणाली, मग तरी जेवणाला नावं ठेवणं बंद कराल.

कंपवात आला तो चोरपावलांनी. आधी नुसता उजव्या हाताचा अंगठा. किल्लेदारांनी तो हात खिशात घालायला सुरुवात केली. खिशात सुट्ट्या किल्ल्या, त्या आपल्या वाजत राहायच्या. लोकांना वाटलं, म्हातारपणी स्वारी रंगात आलीय. मग हातातली कानस घसरायला लागली. एका बाईला एकाच किल्लीसाठी पुन्हा पुन्हा हेलपाटे पडले, आणि शेवटी ती आलीच नाही. पुढच्या चौकात मशीनवाला बसतो, त्याच्याकडून घेतली करून. किल्लेदारांना हे तिच्याच तोंडून कळलं, कारण ती बिचारी सरळ होती, रस्त्यात भेटली तेव्हा सांगून मोकळी झाली. त्यांनी दुकान सोडलं. आता तिथं एक जण मोबाइलची कव्हरं विकतो आणि आत बसताना त्यालाही हवा बाहेर ठेवावी लागते.

या दुखण्याची एकेक तऱ्हा ऐका. गोळी घेतली की थोड्या वेळानं अंगात चावी दिल्यासारखं होतं, हात जाग्यावर येतो, माणूस चार पावलं नीट टाकतो. गोळीचा अंमल उतरला की खेळ खलास. आवाज गेला खाली. जन्मभर किणकिणाटात बसून खणखणीत बोलणारा माणूस, आता शेजारी बसलेल्यालाही कान पुढं करावा लागतो. आणि पाय. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, खिळे मारल्यासारखे. बरं, चिकटतात कुठं? मोकळ्या खोलीत नाही, रस्त्यात नाही. दारात! दोन खोल्यांच्या मधला उंबरठा आला की पाय थांबलेच. हजारो दारं उघडलेल्या माणसाला उघडं दार ओलांडता येईना. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, जमिनीवर पट्ट्या चिकटवा, पट्टी ओलांडायचीय असं मनात धरलं की पाऊल उचलतं. मग लेकीनं खुर्चीपासून दारापर्यंत पिवळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. किल्लेदार म्हणाले, विमान उतरवायचंय का इथं? पण पट्ट्यांनी पाऊल उचलायचं, हे खरं.

लेक एकच. औषधांच्या मोठ्या दुकानात काउंटरवर, सकाळपासून उभी. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. दिवसाआड संध्याकाळी यायची, गोळ्या डबीत लावायची, कपडे मशीनला टाकायची, भाताचा कुकर चढवायची आणि पर्स खांद्यावरून न काढताच हे सगळं करायची. वाईट नव्हती हो पोरगी. दमलेली होती.

तर झालं असं, की एकदा किल्लेदार बाथरूममध्ये आतून कडी लावून बसले ते तिथंच अडकले. गोळी उतरली, पाय चिकटले. समोरच्या दारात राहतात ड्रिलमास्तर. उभा जन्म शाळेतल्या पोरांना सावधान-विश्राम करायला लावलं, आणि निवृत्त झाल्यावर हुकूम ऐकायला कुणी नाही म्हणून कासावीस झालेला माणूस. नळ किती वेळ वाहतोय म्हणून ते आले. बाहेरचं दार सकाळी दूधवाल्यापायी नुसतं लोटलेलं होतं. मास्तरांनी हाक मारली, आतून काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी दोन पावलं मागं घेतली आणि घातली लाथ. कडी उखडली, दार भिंतीवर आपटलं. आत किल्लेदार स्टुलावर, मांडीवर टॉवेल, ओले, कुडकुडत. पण बघत होते कडीकडे. म्हणाले, फटीतून पट्टी घालून वर उचलली असती तरी निघाली असती. मास्तर म्हणाले, आभार मानायची एक रीत असते.

झालं. दुसऱ्याच दिवशी लेक सुताराला घेऊन आली आणि घरातली एकूण एक कडी काढून टाकली. बाथरूमची, आतल्या खोलीची, मोठ्या दाराची. जिथं कड्या होत्या तिथं लाकडात फिकट ठसे राहिले. सुतार गेल्यावर ती समोर बसली. पर्स या वेळी खाली ठेवली होती, त्यावरूनच किल्लेदारांनी ओळखलं, की आता काहीतरी येतंय.

"बाबा, मला किल्ली हवी. आणि तुमचं सगळं करायला ब्युरोची बाई सकाळी यायला लागेल, तिला एक."

"बेल आहे की."

"बेल वाजवल्यावर तुम्ही दारात येईपर्यंत माझी जायची बस येते."

ती हसतच म्हणाली, पण म्हणाली. किल्लेदारांनी दारावरच्या फिकट ठशाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, किल्ली मी करून देतो. मशीनवाल्याकडे माझ्या दाराची किल्ली गेली तर लोक तोंडात शेण घालतील. लेकीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, वडिलांना हाताला काम हवंय. तिनं कोऱ्या किल्ल्या आणून दिल्या, पलंगाखालची हत्यारांची पेटी काढून दिली, दिव्याची जागासुद्धा बदलून दिली.

गोळीचा अंमल असेल तेवढ्या वेळात खिडकीशी बसून ते काम करायचे. डावं कोपर टेबलावर दाबून, उजवं मनगट त्याच्यावर टेकवून, श्वास धरून कानस एकदा पुढं. मग थांबायचं. मग पुन्हा एकदा. पूर्वी बोलता बोलता व्हायचं ते काम आठवडाभर पुरलं. आणि खरं सांगायचं तर तो आठवडा त्यांचा इतका बरा गेला, की बायको गेल्यापासून तसा गेला नव्हता.

पण म्हातारा लबाड! त्यानं दोन्ही किल्ल्यांच्या सगळ्या खाचा केसभर सरकवून पाडल्या. किल्ली दिसायला अस्सल, कुलपात लोण्यासारखी जाणार, पण पूर्ण आत ढकलली की फिरणार नाही. केसभर बाहेर ओढून धरली तरच फिरणार. हे फक्त करणाऱ्याला ठाऊक. लेकीसमोर त्यांनी स्वतः दार उघडून दाखवलं. हात थरथरत होता, त्यामुळे ती केसभर ओढ कुणाला दिसणार? लेक म्हणाली, वा बाबा, आणि बससाठी पळाली.

त्यानंतर रोजचं ठरून गेलं. ब्युरोची बाई यायची, किल्ली घालायची, खडखड करायची आणि शेवटी बेल दाबायची. संध्याकाळी लेकीचंही तेच. कुलूप जुनं झालंय, तेल घालतो, असं किल्लेदार सांगायचे. तू नुसती बेल वाजव, मी आहे ना. मग खुर्चीतून उठणं, एकेक पिवळी पट्टी ओलांडणं, मधल्या उंबरठ्यात चिकटणं, सुटणं, दाराशी पोचणं, लॅच फिरवणं. तोवर बाहेरच्या माणसाच्या हातातली पिशवी ह्या हातातून त्या हातात, पुन्हा ह्या हातात. दार उघडलं, की किल्लेदार जरा बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "या."

एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप. कुणाला आत घ्यायचं ते अजून त्यांच्या हातात होतं.

बाई काम उरकून गेली, की दार लागायचं आणि मग काही नाही. दुपार बसून राहायची, तेही बसून राहायचे. जिन्यातल्या दारांचे आवाज ऐकत. वरच्या मजल्याचा लॅच कोरडा पडलाय, त्याला तेल हवं. मास्तरांच्या दाराची बिजागरी एका बाजूनं ढिली. हे सगळं त्यांना ऐकून कळायचं, सांगायला मात्र कुणी नव्हतं. बाईला एकदा सांगायला गेले, तर ती म्हणाली, आजोबा, जरा मोठ्यानं बोला. त्यांनी दोनदा सांगितलं, मग जाऊ दे म्हणाले.

आणि मग तो सुटीचा दिवस आला. लेक कधी नव्हे ती भर दुपारी आली. बेल वाजली. किल्लेदारांची गोळी घ्यायची राहिली होती, पण दारात कुणी उभं आहे म्हटल्यावर गोळीसाठी कोण थांबतं? ते उठले. मधल्या उंबरठ्याशी पाय चिकटले, अंग मात्र पुढं निघालं होतं. भिंतीला खांदा घासत घासत ते हळूच खाली गेले, पोतं कलंडावं तसे. लागलं फारसं नाही. पण उठता येईना. हात टेकावा तर हात भलतीकडेच जाई.

बेल पुन्हा वाजली. मग किल्लीची खडखड. मग लेकीची हाक. त्यांनी ओ दिली, ती त्यांनाच नीट ऐकू आली नाही. मग तिनं तळहातानं दार वाजवायला सुरुवात केली, आणि मास्तरांचं दार उघडल्याचा आवाज आला, ती ढिली बिजागरी. मास्तरांचा आवाज: बाजूला व्हा तुम्ही, माझ्याकडे पहार आहे.

पहारेचं टोक चौकटीच्या फटीत घुसलं, ते किल्लेदारांनी जमिनीवर पडल्या पडल्या ऐकलं. डोकं त्यांचं शाबूत होतं. गप्प राहिलं तर दार फुटेल, आणि सगळे म्हणतील, कुलूपच बिघडलं होतं. त्यांची लबाडी कुणाला कधी कळणार नाही. बोललं तर दार वाचेल आणि ती उघडी पडेल. कदाचित ते गप्पच राहिले असते. पण बाहेर लेक "बाबा, बाबा" करत होती, आणि तो आवाज काउंटरवरच्या बाईचा नव्हता. लहानपणी बाजारात हात सुटून हरवली होती, तेव्हाचा होता.

ते सरपटायला लागले. छाती जमिनीला, एका कोपरावर. वरून पट्ट्या ओलांडता यायच्या, आता त्या नाकाखालून एकेक मागं जात होत्या. दाराशी पोचले, खालच्या फटीला तोंड लावलं आणि अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढून लेकीला हाक मारली. बाहेर पहार थांबली. लेक जिन्याच्या फरशीवर आडवी झाली असावी, कारण तिचा श्वास त्यांना फटीतून गालावर लागला.

"बाबा, लागलंय का?"

"किल्ली पूर्ण आत घालू नकोस."

"काय?"

"केसभर बाहेर ओढून धर. मग फिरव."

बाहेर एकदम शांत झालं. इतकं शांत, की किल्लेदारांना वाटलं, ती उठून गेली. मग किल्ली आत जाताना ऐकू आली, किंचित मागं आली, आणि लॅच फिरला. पहिल्याच खेपेला. हात चांगला होता पोरीचा.

दार उघडेना, कारण मागं तेच पडले होते. तिनं इंचाइंचानं ढकललं, ते इंचाइंचानं सरकले. मास्तर पहार घेऊन आत आले आणि म्हणाले, मी म्हणतच होतो, या कुलपात काहीतरी खोट आहे. किल्लेदारांनी डोळे मिटून घेतले.

लेक म्हणाली, "हो मास्तर, जुनं झालंय."

दोघांनी मिळून त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. मास्तरांनी नाडी बघितली, पाणी पाजलं, पहार खांद्यावर टाकून गेले. लेकीनं गोळी दिली, कोपर खरचटलं होतं ते पुसलं, औषध लावलं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तितकंच बोलत होती. मग ती किल्ली हातात घेऊन समोर बसली आणि नुसती तिच्याकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, माझ्याच हाताला घाई आहे. बाईला वाटायचं, तिलाच जमत नाही."

किल्लेदार औषध लावलेल्या कोपरावर बाही ओढायला लागले.

"किती उभी राहिलेय मी त्या दाराबाहेर, बाबा."

"मी उघडत होतो ना."

"हो," ती म्हणाली. "उघडत होतात."

तिला रागवायचं होतं आणि रागवता येत नव्हतं, आणि त्यांना माफी मागायची होती, पण ती त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकली नव्हती. त्यांनी शर्टाच्या आत हात घातला, गळ्यातली दोरी डोक्यावरून काढायला गेले, ती कानात अडकली, तिनं सोडवली. दोरीला खरी किल्ली होती. जाताना ती घेऊन गेली. जाण्याआधी किल्लेदारांनी एकच मागितलं. आत याल तेव्हा आधी बेल वाजवा, मी या म्हणेन, मग उघडा. लेक म्हणाली, एवढंच ना, नक्की.

मशीनवाल्यानं किल्ल्या करून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईची किल्ली दारात फिरली, तेव्हा किल्लेदारांनी खुर्चीतूनच ऐकलं आणि मनात म्हणाले, काम स्वच्छ आहे लेकाचं, कुठं अडत नाही.

बेल बाई वाजवते, नाही असं नाही. लेकीनं बजावून सांगितलंय तिला. पण एका हातानं बेल आणि दुसऱ्या हातानं किल्ली, दोन्ही एकदमच. तिला पुढची घरं असतात. बेलचा आवाज विरायच्या आत ती स्वयंपाकघरात पोचलेली असते, आणि किल्लेदारांचा शब्द घशातून निघून ओठांवर येईपर्यंत समोर कुणीच नसतं. त्यांचं "या" तिच्या पाठीला ऐकू येतं, किंवा येतही नाही. लेकही घाईतच असते. तिला आता बस चुकत नाही. कुकर होईपर्यंत कधीमधी पाच मिनिटं बसते, पर्स मांडीवर घेऊन, आणि दुकानातल्या गमती सांगते. ते हसतात. हसू चेहऱ्यावर उमटायला जरा वेळ लागतो, तोवर ती पुढच्या गोष्टीवर गेलेली असते.

मग किल्लेदारांनी एक युक्ती काढली. शब्द उशिरा निघतो ना, तर तो आधीच सोडायचा. बाई जिना चढते ते त्यांना ऐकू येतं. चप्पल एका पायाची जरा ओढत चालते ती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली, की सुरुवात करायची, म्हणजे दाराशी पोचेपर्यंत शब्द तयार. दोन-चार दिवस जमलंही. बाईनं दार उघडलं आणि आतून बरोबर "या" आलं. ती थबकली आणि म्हणाली, आजोबा, आज आवाज आहे हो तुम्हाला. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

आज सकाळी आंघोळीआधीची गोळी नीट लागू झाली होती. ते खुर्चीत ताठ बसले, शर्टाची कॉलर सारखी केली. जिन्यात पावलं वाजली. पहिला मजला, दुसरा, वळण. त्यांनी श्वास घेतला आणि बऱ्याच दिवसांत निघाला नव्हता इतका स्वच्छ, मोठा शब्द काढला.

"या."

पावलं दारापाशी आली, तशीच वरच्या मजल्याकडे गेली. वरचा कोरडा लॅच करकरला आणि लागला.